दुसऱ्या फळीचा माणूस

अमेरिकेत ज्या खेळाला नुसते ‘फुटबॉल’ म्हणतात, त्यात पायाने चेंडू मारण्याचे प्रसंग मोजकेच येतात. चेंडू हातात धरून पळायचे किंवा लांब फेकायचा, आणि समोरच्या अकरा जणांनी तो नेणाऱ्याला जमिनीवर लोळवायचे, असा एकंदर प्रकार. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाहीतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. 2023 साली टेक्सासमध्ये चिरंजीवांकडे आम्हा उभयतांचा चार महिने मुक्काम होता. सोळा वर्षांचा नातू शाळेच्या संघात असल्यामुळे या खेळातल्या एका प्रश्नाशी माझा बराच जवळून परिचय झाला. राखीव खेळाडूला त्याच्या जागेवरून उचलून भलत्याच जागी उभे करावे का, आणि केले तर त्याचे काय होते, हा तो प्रश्न.

बचाव करणाऱ्या संघाच्या ढोबळमानाने तीन फळ्या असतात. अगदी पुढे धिप्पाड गडी. त्यांच्या मागे चार-पाच यार्डांवर लाइनबॅकर. आणि सर्वांत मागे, दहा-बारा यार्डांवर, सेफ्टी. सेफ्टी हा किल्ल्याच्या शेवटच्या दरवाजावरचा पहारेकरी म्हणावा. सारे मैदान त्याच्या नजरेसमोर असते, विचार करायला क्षणभर अवधी मिळतो, पण त्याच्या पाठीशी कोणी नसते. लाइनबॅकरला हा अवधी मुळीच नाही. तो गर्दीच्या तोंडाशी उभा. समोरच्या शंभर-सव्वाशे किलोच्या गड्याचा धक्का हातांनी झुगारून द्यायचा आणि चेंडू कोणाच्या हाती आहे ते त्याच क्षणी ओळखायचे.

आमचा नातू सेफ्टी होता, तोही राखीव. त्याच्या जागी खेळणारा मुलगा त्याच्यापेक्षा सरस होता, हे तो स्वतःच सांगे. हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात एका लाइनबॅकरचा गुडघा दुखावला. त्याच्यामागे एकच राखीव गडी उरला होता. प्रशिक्षकांनी नातवाला बोलावून विचारले, ‘‘पुढे येशील का?’’ विचारण्याची ती रीतच असावी. नकाराची अपेक्षा कोणी करीत नाही.

व्यावसायिक संघांत हे नवे नाही. तिथे संघाच्या यादीत 53 जणच ठेवता येतात. त्यामुळे राखीव खेळाडू एकाच कामाचा असला तर तो चैनीचा ठरतो. शिवाय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चेंडू लांब फेकण्यावर भर वाढला आणि जुन्या पद्धतीचा जडशीळ लाइनबॅकर मागे पडू लागला. वजनाने थोडा कमी पण धावण्यात चपळ असा माणूस हवासा झाला. तो सापडतो कोठे? मागच्या फळीत. ब्रायन अर्लाकर महाविद्यालयात सेफ्टीसारख्या जागी खेळत असे; 2000 साली शिकागोच्या संघाने त्याला लाइनबॅकर केले आणि 2018 मध्ये त्याला या खेळाच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले. थॉमस डेव्हिस 2005 साली कॅरोलायनाच्या संघात सेफ्टी म्हणून आला, वर्षभरात पुढच्या फळीत गेला आणि एकाच गुडघ्याचा स्नायुबंध तीनदा तुटूनही तिथेच टिकला.

मला सर्वांत लक्षणीय वाटला तो मार्क बॅरन. 2012 च्या निवडीत सातव्या क्रमांकावर घेतलेला हा सेफ्टी. दोन वर्षांतच पहिल्या संघाला नकोसा झाला आणि 2014 मध्ये सेंट लुईसच्या रॅम्स संघाकडे धाडला गेला. पुढच्या वर्षी ॲलेक ओगल्ट्री या लाइनबॅकरचा पाय मोडला तेव्हा बॅरनला त्याच्या जागी उभे केले, आणि हा गडी असा काही खेळला की 2016 च्या मार्चमध्ये संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, साडेचार कोटी डॉलर्सचा करार केला. याउलट आयझेया सिमन्स. महाविद्यालयात तो प्रत्येक जागी चमकला. 2020 मध्ये आठव्या क्रमांकावर ॲरिझोनाने त्याला लाइनबॅकर म्हणून घेतले, पुढे मागच्या फळीकडे वळवले, आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये सातव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकले. आम्ही टेक्सासात पोचलो त्याच महिन्यातली ही गोष्ट. चिरंजीव हे नाव जेवणाच्या टेबलावर वारंवार काढीत.

चिरंजीवांचा आक्षेप निराळा होता. मुलाला त्याच्या जागी खेळायला मिळत नाही आणि वर दुसऱ्याची उणीव भरून काढायला नेतात, हा त्यांना अन्याय वाटे. सूनबाई अन्यायाबद्दल बोलत नसत. ज्युनियर सिआऊ या विख्यात लाइनबॅकरने 2012 साली आत्महत्या केली आणि पुढल्या जानेवारीत, डोक्याला वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा विकार त्याच्या मेंदूत आढळल्याचे जाहीर झाले, हे त्यांनी वाचले होते. ‘‘आजोबा, मागे उभा असताना तो धावत जाऊन एखाद्याला धडकायचा. आता प्रत्येक खेळीला धडकणार,’’ असे त्या मला म्हणाल्या. यावर उत्तर नव्हते. सेफ्टीची धडकही काही मखमली नसते, परंतु संख्येचा हिशेब सूनबाईंच्या बाजूने होता, आणि अजूनही आहे.

माझे स्वतःचे मन मात्र या बदलाकडे ओढ घेत होते. त्याला कारण आमच्या इंदुरी संस्कारांचे. ज्या गावात मुश्ताक अलींच्या आठवणी ऐकत आमची पिढी वाढली, तिथे जागा बदलण्याचे भय कसले? डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून 1934 मध्ये कसोटीत आलेला हा माणूस 1936 साली मँचेस्टरला विजय मर्चंट यांच्यासह डावाची सुरुवात करायला उतरला. दोघांची 203 धावांची भागी झाली आणि परदेशातले भारताचे पहिले कसोटी शतक इंदूरच्या नावावर लागले. याच गावी जन्मलेल्या राहुल द्रविडने 2003 च्या विश्वचषकात यष्टिरक्षण केले ते संघात एक जादा फलंदाज बसावा म्हणून. यष्टींमागे वाकून उभे राहणे हे त्याचे काम नव्हते. पण त्या वाकण्याने दुसऱ्या कोणाला तरी जागा मिळाली. चिरंजीव म्हणाले, द्रविड संघातला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज होता, राखीव नव्हता. मुद्दा बिनतोड होता. ज्याची स्वतःची जागा पक्की आहे त्याने दुसरी पत्करणे आणि ज्याला जागाच नाही त्याला हलवणे, यांत अंतर आहे.

शासकीय सेवेत हे अंतर मी पाहिले आहे. मी सहकार खात्यातला लेखापरीक्षक. म्हणजे एका परीने सेफ्टीच : सर्वांच्या मागे, सारा व्यवहार घडून गेल्यावर, सावकाशीने पाहणारा. 2004 च्या सिंहस्थात अनेक खात्यांतून माणसे उज्जैनला ओढली गेली तेव्हा माझी नेमणूक घाटाकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर गर्दीच्या व्यवस्थेसाठी झाली. कोणाला पाठवावे याचा विचार करताना वरिष्ठांनी ज्यांच्यावाचून कचेरी अडणार नाही त्यांची नावे आधी काढली, हे सांगायला नकोच. पण त्या रस्त्यावर लेखापरीक्षकाची एक सवय उपयोगी पडली. मी माणसे मोजीत असे. अमुक मिनिटांत किती आत गेली आणि किती बाहेर आली, यांचा मेळ बसेना की पुढे काहीतरी तुंबले आहे हे मला कळे. पोलिसांना ते नंतर दिसे. जुने काम अंगातून पुरते जात नाही, आणि जाऊही नये.

नातवाच्या सरावाला मी रोज जाऊ लागलो ते हेच पाहायला. त्याची अडचण पहिल्या पावलाची होती. चेंडू हलला की सेफ्टीचे पहिले पाऊल सहसा मागे पडते. आधी अंतर राखायचे, मग ठरवायचे. लाइनबॅकरचे पाऊल पुढे किंवा बाजूला पडले पाहिजे. प्रशिक्षक त्याच्या टाचांमागे एक पिशवी ठेवीत. मागे पाऊल गेले की तो अडखळे. पंधरा दिवस तो अडखळत होता. नजरेचाही प्रश्न होता. पूर्वी तो चेंडू फेकणाऱ्याचे डोळे पाही. आता समोरच्या गड्याचे ढोपर कोणीकडे वळते ते पाहायचे. गुडघे वाकवून, छाती खाली ठेवून धक्का घ्यायचा. संध्याकाळी त्याच्या दंडांवर निळे वळ उमटत आणि त्याची आजी काही न बोलता हळद-तेल गरम करी.

त्याची जुनी सवय कामी आली ती लांब फेकीच्या वेळी. पळत जाणाऱ्या खेळाडूच्या पाठीवर राहणे त्याला उपजत जमे, आणि इतर लाइनबॅकरांना ते जमत नसे. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी रात्री त्याने असा एक चेंडू हवेतच झटकून टाकला. त्याच सामन्यात, सरळ त्याच्या अंगावर आलेल्या एका गड्याने त्याला दोनदा उताणे पाडले. घरी येताना मोटारीत चेंडूविषयी तो बोललाच नाही. उताणे पडण्याविषयीच बोलत राहिला. पुढच्या सोमवारी तो नेहमीच्या वेळेआधी अर्धा तास सरावाला गेला. सूनबाईंनी मात्र त्या रात्री दोनदा उठून त्याच्या खोलीत डोकावून पाहिले.

नोव्हेंबरात आम्ही परतलो, तोवर गुडघा दुखावलेला मुलगा बरा होऊन मैदानात आला होता. मागच्या फळीतली नातवाची राखीव जागा मधल्या काळात एका लहान मुलाला दिली गेली होती. प्रशिक्षकांच्या खोलीबाहेर एक तक्ता लावलेला असतो. प्रत्येक जागेखाली पहिले नाव, दुसरे नाव. निघण्याच्या आदल्या दिवशी नातवाने मला तो दाखवला. त्याचे नाव आता दोन रकान्यांत होते, आणि दोन्हींत दुसरे. ‘‘आजोबा, हे जास्त झालं की कमी?’’ त्याने विचारले. मी चष्मा लावून तो तक्ता पुन्हा वाचू लागलो, तोवर त्याला सरावासाठी हाक आली.