आबांच्या ठासणीच्या बंदुकीस

प्रिय बंदुकीस,

आबांच्या तेरवीपर्यंत तू खुंटीवरच होतीस. नंतर मीच तुला जानेफळच्या ठाण्यात जमा केलं आणि पावती पेटीत ठेवली. परवाना आबांच्या नावचा. माणूस गेला की तोही संपतो. वारस म्हणून तुला मागायचा हक्क मला आहे. अर्ज लिहून तयार आहे, सही तेवढी राहिली.

तू काही नामांकित रायफल नव्हेस. एकनळी, तोंडाकडून भरायची. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखायची ठासणीची बंदूक म्हणून तुझ्या जातीचा उल्लेख आहे, तेवढीच तुझी खानदानी. आबा दारू ओतायचे, वर चिंधीचा बोळा घालून गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी टोपी. दुसऱ्या बाराची तयारी होईस्तोवर डुकरं धुऱ्यापार. पावसाळ्यात दारू सादळली की आवाजच निघायचा नाही. ‘फुसका बार’ म्हणजे काय ते मी पुढाऱ्यांच्या आधी तुझ्याकडून शिकलो.

तुझ्या दस्त्याच्या डाव्या अंगाला एक काळपट, गुळगुळीत डाग आहे. आबांचा गाल टेकायचा ती जागा.

पेरलेलं सोयाबीन डुकरं उकरायची, थंडीत हरभऱ्यावर रोही पडायचे. आबा घोंगडं घेऊन माळ्यावर जागलीला. नळी मात्र कायम आभाळाकडे. परवाना तुला बाळगायचा आहे, शिकारीचा नव्हे, हे त्यांना पाठ होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे रोही असो की डुक्कर, परवानगीवाचून मारता येत नाही. एक बार झाला की शेजारच्या माळ्यावरून हाळी यायची, मग त्यापलीकडच्या. कोण जागं आहे ते शिवारभर कळायचं. गावात आई तो आवाज ऐकायची आणि मगच कूस बदलायची.

निवडणूक लागली की तुला ठाण्यात जमा करावं लागे. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा, एकाच सालात दोन फेऱ्या. त्या दिवसांत आबा काठी घेऊन जागलीला जात. डबा वाजवत, पण डब्याला हाळी येत नसे.

आता वावराला तार आहे, सौर पाटीवरचं झटका मशीन रात्रभर टिकटिक करतं. मी घरी झोपतो. शेजारचे माळेही मोडले. तुला आणलं तर खुंटीवर शोभेला लावीन, दिवाळीला तेल पुसीन आणि पोरांना गोष्टी सांगीन. तेवढ्यासाठी भरायची बंदूक घरात ठेवावी, हे आबांना पटलं नसतं. माझी माया त्यांच्या जागलीवर आहे, आणि ती जागल मी करत नाही.

म्हणून अर्जावर सही करत नाही. पुढच्या सोमवारी बुलढाण्याला जाऊन हक्क सोडल्याचं लिहून देतो.

तुझा,
आबांचा धाकटा
जानेफळ, ता. मेहकर