लिडेलचा रविवार

पॅरिसमधलं स्कॉटिश लोकांचं चर्च, १९२४ च्या जुलै महिन्यातला एक रविवार. बायबल उघडून एक तरुण यशयाच्या पुस्तकातला चाळिसावा अध्याय वाचतोय. राष्ट्रांना बादलीतल्या थेंबासारखं मानणारा आणि तरीही थकल्याभागल्यांना बळ देणारा असा जो देव, त्याच्याविषयीचा हा अध्याय. त्याचा आवाज तसाच चालू राहतो आणि पडद्यावर मैदान दिसू लागतं. संथ गतीत धावणारे, धापा टाकणारे, अडखळून पडणारे खेळाडू. त्या दिवशी मैदानावर असायला हवा होता असं ज्याच्याबद्दल ब्रिटनच्या राजपुत्रापासून सगळ्यांना वाटत होतं, तो मात्र इथे आहे. चेहऱ्यावर ना जिंकल्याचा आव, ना काही गमावल्याची खंत.

‘चॅरियट्स ऑफ फायर’ या १९८१ च्या चित्रपटातलं हे दृश्य मला त्यातल्या सगळ्या शर्यतींपेक्षा मोठं वाटतं. ह्यू हडसन यांचं दिग्दर्शन, कॉलिन वेलँड यांची पटकथा, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर. लोकांना आठवतो तो सुरुवातीचा समुद्रकिनारा. सेंट अँड्र्यूजच्या ओल्या वाळूतून पांढऱ्या कपड्यांत धावणारी पोरं आणि वँगेलिस यांचं संगीत. ते आठवण्यासारखंच आहे. पण हा चित्रपट खरा उभा आहे तो एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूच्या न धावण्यावर. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. रविवार प्रभूचा, म्हणून तो धावला नाही.

आमच्याकडे हा चित्रपट रविवारी संध्याकाळीच लागतो आणि बहुतेक वेळा दोन रविवारांत पुरा होतो, कारण मध्ये प्रार्थनेची वेळ येते. नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत दिवेलागणीची कुटुंबप्रार्थना कुणी शिकवावी लागत नसे. शेजारून शुभंकरोती ऐकू येई तेव्हा आमच्याकडे ‘उपासना संगीत’ उघडलेलं असे. आईची प्रत अजून तीच आहे. जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर, कण्यावर चिकटपट्टीचे दोन थर, बोटं लागून लागून तपकिरी झालेले पानांचे कोपरे. नारायण वामन टिळकांची गीतं जिथे दाटीनं आहेत तिथे ते पुस्तक आपण होऊन उघडतं. आई चष्मा लावते, पण बघत नाही. कडवी तोंडपाठ आहेत, पुस्तक नुसतं हातात हवं असतं. त्या अर्ध्या तासात फोन आला तरी कुणी उठत नाही. पडद्यावर लिडेल थांबलेला आणि इकडे आम्ही थांबलेलो. हा योग मला नेहमी आवडतो.

प्रसंग रंगवण्यासाठी चित्रपटानं इतिहासात थोडी ढवळाढवळ केली आहे. पडद्यावर लिडेलला फेऱ्यांचं वेळापत्रक कळतं ते पॅरिसला निघताना, बोटीवर चढता चढता. खरं तर त्याला ते कित्येक महिने आधी ठाऊक होतं. मला हा खरा इतिहास पटकथेपेक्षा जास्त भिडतो. धक्क्यावर घेतलेला निर्णय एका क्षणाच्या आवेशातही निभावून जातो. इथे मात्र एडिंबरा विद्यापीठातला विद्यार्थी रोज सकाळी उठून, आपली सर्वांत हुकमी शर्यत आपण धावणार नाही हे माहीत असताना, दुसऱ्याच अंतराचा सराव करत राहिला. रविवारी होणाऱ्या रिलेही त्यानं सोडल्या. बाहेर टीका चालू होती. तिला उत्तर देत बसल्याची त्याची ख्याती नाही. महिनोन्महिने टिकलेलं ते शांतपण म्हणजेच विश्वास, असं मी मानतो.

पुढची हकिकत सर्वांना माहीत आहे. दोनशे मीटरमध्ये कांस्य, आणि ११ जुलैला कोलोंबच्या मैदानावर चारशे मीटरची अंतिम शर्यत. लेन सगळ्यांत बाहेरची, म्हणजे बाकीचे सगळे पाठीमागे. कोण किती जवळ आलंय ते दिसायची सोय नाही. त्या सकाळी संघाच्या एका मालिशवाल्यानं त्याच्या हातात चिठ्ठी दिली होती. देव आपला मान राखणाऱ्याचा मान राखतो, या आशयाचं शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं वचन तीत होतं. लिडेल धावला तो नेहमीसारखाच, सगळे प्रशिक्षक कपाळावर हात मारतील असा: डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, हात वाऱ्यावर. वेळ ४७.६ सेकंद, सुवर्णपदक आणि त्या काळचा विश्वविक्रम.

चित्रपट पाहून बाहेर पडणारे पुष्कळ जण इथेच हिशेब जुळवतात. त्यानं रविवार पाळला, देवानं सुवर्ण दिलं. उपदेशातही मी हे ऐकलं आहे आणि मला ते कधीच पटलेलं नाही. चारशे मीटरला तो शेवटचा आला असता, तर त्याचा रविवार खोटा ठरला असता का? चर्चमध्ये उभा राहून तो वाचत होता तेव्हा पुढचा शुक्रवार त्याच्या हातात नव्हता. त्याच्याजवळ पदक नव्हतं आणि तरी तो निवांत होता. शिकायचं ते तिथे आहे.

चित्रपटातला दुसरा धावपटू हॅरल्ड अब्राहम्स. ज्यू बापाचा मुलगा, केंब्रिजच्या उंच भिंतींच्या आत राहूनही बाहेरचाच समजला गेलेला. शर्यतीच्या आधी तो मित्राला सांगतो की आपल्या असण्याचं समर्थन करायला आपल्याकडे फक्त दहा सेकंद आहेत. बेन क्रॉस यांनी हे असं म्हटलंय की ऐकताना पोटात कालवतं. तो जिंकतो, शंभर मीटरचं सुवर्ण त्याचंच. आणि जिंकल्यावर ड्रेसिंग रूममध्ये तो गप्प होतो, रिकामा होतो. या माणसाकडे मी कधी वरून पाहू शकत नाही, कारण आपण बहुतेक सगळे अब्राहम्सच आहोत. परीक्षेचे गुण, नोकरीतली बढती, पोरांची फी, कुठे ना कुठे रोज स्वतःला सिद्ध करत पळणारे. लिडेल त्याहून वेगानं पळतो, पण त्याच्या पळण्यावर काही अवलंबून नाही. आपण देवाला आधीच हवे आहोत हे त्याला माहीत आहे. कृपा हा शब्द आम्ही ख्रिस्ती लोक प्रार्थनेत इतक्यांदा उच्चारतो. मला तो सर्वांत नीट कळला तो या दोन चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहताना.

आणि ज्या दिवसासाठी लिडेल अडून बसला, तो विसाव्याचा दिवस ही अब्राहम्सच्याच पूर्वजांची जगाला दिलेली देणगी. ज्यूंचा शब्बाथ शनिवारचा, ख्रिस्ती मंडळीनं पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार धरला. मूळ आज्ञा एकच. बायबलमधल्या अनुवादाच्या पुस्तकात ती आज्ञा येते तेव्हा कारण दिलंय ते मिसरातल्या गुलामीचं. तुम्ही गुलाम होता, तुम्हाला विसावा नव्हता, हे आठवा. म्हणून तुमच्या चाकरालाही त्या दिवशी सोडा, दासीला सोडा, परक्याला सोडा, बैलालाही सोडा. पोळ्याला खांदेमळणी करून बैलाच्या मानेवरून जू उतरवणाऱ्या आपल्या मुलखात हे वचन परकं वाटायचं कारण नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० साली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचे कष्ट होते. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला आठवड्यातला एक दिवस स्वतःचा हवा, यासाठी ते झगडले. अनुवादाच्या पुस्तकातल्या त्या ओळी वाचताना मला लोखंड्यांचं नाव आठवतं, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटतात. विसावा हा आधी कष्टकऱ्याचा हक्क आहे, मग आपल्या भक्तीचा भाग.

त्या आज्ञेतल्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी, गाढव, बैल, परका, सगळे आहेत. बायको मात्र नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो. कारण आमच्या समाजातला रविवार मला ठाऊक आहे. उपासना संपते, पुरुष आवारात गप्पा मारत उभे राहतात आणि बायका घाईनं घर गाठतात, कारण मटण शिजायला वेळ लागतो. पाहुणे जेवून पसरतात तोवर चहाची वेळ होते. एकीच्या खांद्यावर जू तसंच ठेवून बाकीच्यांनी घेतलेला विसावा मला तरी शब्बाथ वाटत नाही. म्हणून आमच्याकडे रविवारी संध्याकाळी गॅस पेटत नाही. सकाळच्या भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी, असलं तर लोणचं. ज्यानं त्यानं आपलं ताट घ्यायचं आणि आपलं आपण घासायचं. आईला या व्यवस्थेची सवय व्हायला वेळ लागला. सुरुवातीला ती उठून उठून ओट्याशी जायची. आता चित्रपट लावायची घाई तिलाच असते.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजलाय तो संध्याकाळपासून. आधी सांज, मग सकाळ. म्हणजे दिवसाची सुरुवातच मुळी आपण काम खाली ठेवण्यानं होते. आपण झोपलेले असताना जग कुणीतरी सांभाळत असतं, आणि सकाळी उठून आपण त्यात सामील होतो. रात्री उशिरापर्यंत फोनवर कामाचे निरोप वाचत बसणाऱ्या माझ्या पिढीनं हा अध्याय रात्री वाचावा असं मला मनापासून वाटतं.

चित्रपट १९२४ च्या त्या जुलैवर थांबतो. लिडेल पुढे चीनमध्ये मिशनरी झाला आणि युद्ध संपता संपता तिथेच वारला, एवढं शेवटी पाटीवर येतं. माझी या चित्रपटाबद्दल एकच तक्रार आहे ती ही. लिडेल जन्मलाच होता चीनमध्ये, तिएन्त्सिनला. सुवर्णपदकानंतर वर्षभरात तो तिकडे परतला आणि शाळेत शिकवू लागला. १९४१ मध्ये गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना त्यानं कॅनडाला पाठवलं, स्वतः मागे राहिला. १९४३ पासून तो वेहसिएनच्या जपानी नजरकैद छावणीत होता. दीड हजारांवर माणसं, आईबापांपासून तुटलेली कितीतरी शाळकरी पोरं. तो त्यांना विज्ञान शिकवी, मोडलेल्या हॉकी स्टिका चादरींच्या पट्ट्यांनी बांधून देई. स्टीफन मेटकाफ नावाच्या मुलाचे बूट झिजले तेव्हा थंडीत त्यानं आपले जुने शर्यतीचे बूट त्याला देऊन टाकले. वैऱ्यांसाठी प्रार्थना करायला त्यानंच या मुलाला शिकवलं होतं. हा मुलगा पुढे मिशनरी होऊन जपानला गेला. लिडेल मात्र छावणीतून बाहेर आला नाही. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीनं तो गेला. वय ४३.

त्या छावणीतली एक गोष्ट चरित्रकारांनी नोंदवली आहे. तिथेही लिडेल रविवारी खेळ घेत नसे. एका रविवारी मुलांनी आपली आपण हॉकी खेळायला सुरुवात केली. पंच नव्हता, खेळ मारामारीवर गेला. पुढच्या रविवारी शिट्टी घेऊन लिडेल स्वतः मैदानावर उभा होता.

हे मी घरी सांगितलं तेव्हा भाची लगेच म्हणाली, “मग मामा, त्यानं शब्बाथ मोडलाच की!”

आई पुस्तक मिटत म्हणाली, “प्रभूनं हात वाळलेल्या माणसाला बरं केलं तो वार कुठला होता गं?”

“पण आजी, राजपुत्र सांगत होता तेव्हा नाही धावला, आणि पोरांसाठी आला?”

“पोरांसाठीच आला,” आई म्हणाली.

भाचीला ते अर्धंच पटलंय. शर्यत सोडणं आणि शिट्टी वाजवणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कशा, हे तिला अजून उलगडायचं आहे. पुढच्या रविवारी ती चित्रपट पुन्हा पॅरिसच्या चर्चपासून लावणार आहे. आईनं तिला मार्काचा तिसरा अध्याय वाचून यायला सांगितलंय.