वीस पावलं

परवा संध्याकाळी आई गच्चीवर पापड काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अरे, हे काय भूत टांगून ठेवलंयस दोरीवर?"

भूत नव्हतं हो. गिली सूट होता. आता हे काय प्रकरण, ते सांगतो.

गेलं दीड वर्ष मी दर शनिवारी तिरंदाजी शिकतोय. टार्गेटवरची. नाईट सपोर्टच्या शिफ्टला सिस्टिम शांत असली की यूट्यूबवर अमेरिकेतल्या तिरंदाज शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघायचो. त्यांचा सगळा खेळ एका गोष्टीवर अडलेला असतो.. अंतर. बंदूकवाला दोनशे मीटरवरून काम उरकतो, धनुष्यवाल्याला जेमतेम वीस-पंचवीस मीटरवर जावं लागतं. तिथे हरणाला न कळता हात उचलून दोरी ताणायची म्हणजे गंमत नाही. म्हणून हा सूट. जाळीवर तागाच्या पट्ट्या आणि सुतळीचे धागे गाठवायचे, की माणसाची डोकं-खांदे-हात ही आकृतीच मोडून जाते.

शोध स्कॉटलंडचा. तिथे शिकारीच्या रानाची राखण करणाऱ्या आणि साहेबाबरोबर फिरणाऱ्या गड्यांना 'गिली' म्हणत. १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हाटने असल्याच माणसांची लोव्हाट स्काउट्स ही पलटण उभी केली आणि गड्यांचं हे सोंग लष्करात पोचलं. त्या काळी स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या गिरण्या चालायच्या त्या आपल्या बंगालच्या तागावर. म्हणजे साहेबाच्या अंगावरचं गवतसुद्धा आपल्याकडचंच असायचं म्हणा ना :)

आता तुम्ही विचाराल, शिकार करणार होतास की काय? छे! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. त्यामुळे धनुष्य घरी. मला फक्त बघायचं होतं, की एखाद्या रानच्या जीवाच्या वीस पावलांत मला बसता येतं का.

भिवंडीत राहून धाग्यांना काय तोटा! बाबांनी उभी हयात लूमवर काढली, त्यांच्या ओळखीच्या कारखान्यातून पोतंभर वेस्ट आणलं. निम्म्याहून जास्त पॉलिस्टर निघालं. किराणा दुकानातल्या हिरव्या रंगाच्या पुडीने त्याला काडीचाही रंग चढेना, आणि उन्हात ते जरीसारखं चमकायला लागलं. मग गोणपाट उसवलं. त्याने मात्र झकास रंग घेतला. आतला अंगरखा मुद्दाम ग्रे कापडाचा शिवून घेतला. ग्रे म्हणजे लूमवरून उतरलेलं, ब्लीच न केलेलं कापड. कारण असं, की हरणाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पण निळा छान दिसतो, आणि कपडे धुवायच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे घालतात ते निळसर चमकतं. एवढा अभ्यास केला, आणि आईने "मळकट दिसत होता" म्हणून अंगरखा पावडरीत भिजवून ठेवला! नोटा तपासायच्या टॉर्चखाली धरला तर ट्यूबलाईटसारखा उजळला. असो.

वज्रेश्वरीच्या बाजूला मित्राच्या मामांचं शेत आहे. शेताला लागून रान. तिथे राखणीला एक कातकरी काका असतात, साठीच्या आसपासचे. मामांनी त्यांना माझ्याबरोबर दिलं. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला 'शेठ' म्हणायचे. दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

रविवारी पहाटे साडेपाचला मी सूट चढवला. काका बघतच राहिले. मग हसू दाबत म्हणाले, "शेठ, हिरवं आता कुठंय? हिरवं पावसात."

मे महिना. सगळं रान गवतासकट पिवळं-तांबडं पडलेलं, आणि त्यात मी एकटा हिरवागार! यूट्यूबवरचं जंगल आणि वज्रेश्वरीचं जंगल यात एवढा फरक असेल हे टेस्टिंगमध्ये सुटलंच.

एका झुडपामागे दबून बसलो. दहा मिनिटांत घामाने आंघोळ. सूटला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता, तो मलासुद्धा येत होता, तर जनावरांची काय कथा. डास चावला की हात आपोआप उठायचा आणि गोणपाट खसखसायचं. दीड तासात एक सरडा दिसला. त्यानेही मान हलवून नापसंती दर्शवली.

काका माझ्यापासून थोडे लांब बसले होते. विटका शर्ट, अर्धी चड्डी. आधी चिमूटभर माती सोडून वारा बघितला, मग एका ऐनाच्या बुंध्याला पाठ लावून बसले. बुंध्याच्या मागे नव्हे, पुढे. मागे बसलं की डोकावावं लागतं, आणि डोकावलं की हललो, असं त्यांनी नंतर सांगितलं. पावणेआठच्या सुमारास पाचोळ्यात आवाज झाला आणि दोन रानकोंबड्या उकरत उकरत त्यांच्यापासून दहा पावलांवर आल्या. काका त्यांच्याकडे बघतही नव्हते, नजर भलतीकडेच. "डोळ्याला डोळा देऊ नये. त्यांना कळतं."

परतताना मी तीरकमठ्याचं विचारलं. लहानपणी ते वडिलांबरोबर जायचे. बांबूचा कमठा, दोरीही बांबूच्याच पातीची. "ईस पावलाच्या बाहेर बाप तीर सोडत नव्हता. जखमी होऊन पळालं, तर पाप." अमेरिकेतले शिकारी हेच अंतर सांगतात. मी विचारलं, तीरकमठा आहे का अजून, बघायचा होता. म्हणाले, "नाय ठेवत. घरात दिसला तर इचारतात."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही. पंधरा मिनिटांनी कळलं.

डांबरी रस्त्याला लागलो तर मोटरसायकलवरून खाकीतला एक माणूस आला आणि थांबला. माझ्या खांद्यावर हिरव्या दाढीसारखा लोंबणारा तो सूट. खरं तर संशय यायचा तर माझाच यायला हवा! तो मला म्हणाला, "फोटोग्राफी का, सर?" आणि काकांकडे वळून, "काय रे, काय मारलं?"

काकांनी काही न बोलता खांद्यावरची पिशवी रस्त्यावर उलटी केली. करवंदं, काडेपेटी, विळा. त्याने बुटाने विळा बाजूला सारला. काका वाकून करवंदं वेचायला लागले. मी तेव्हा बोललो, की यांना मीच आणलंय, हे माझ्याबरोबर आहेत. तो "ठीक आहे सर" म्हणून गेला. पण मी बोललो ते पिशवी उलटी झाल्यावर. आधी बोलता आलं असतं. का नाही बोललो? माहीत नाही. घाबरलो होतो असंही नाही. मला कोणी काही विचारलंच नव्हतं, आणि तेच मला बरं वाटत होतं बहुतेक.

घरी येऊन वाचलं. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कातकऱ्यांवर जन्मापासून गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला. कागदावरून गेला, एवढंच म्हणता येईल. शिकारीवरची बंदी मला मान्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोच कायदा मला 'सर' म्हणतो आणि काकांना 'काय रे' म्हणतो.

मी पण करवंदं वेचू लागलो. निघताना "सॉरी काका" म्हणालो. ते म्हणाले, "तुमचं काय नाय शेठ. पण पुढल्या खेपी एकलेच जा."

मित्र फोटो मागतोय. माझे पाठवलेत, काकांचा एकही नाही. त्यांचं नाव आणि पाड्याचं नावही वर लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. लपवण्यासारखं या सगळ्यात तेवढंच होतं.

सूट अजून गच्चीवरच आहे. आई म्हणते, त्यातल्या गोणपाटाची पायपुसणी छान होतील. देऊन टाकीन म्हणतो. उद्या सोमवार, सव्वासातची बस.