हाडं आमची, चामडी तुमची

मुलाला पहिलीत घातलं तेव्हा आम्ही बाईंना हसत म्हणालो होतो, "हाडं आमची, चामडी तुमची." आमचे अब्बाही हेच म्हणाले होते.

नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत सहावीतली एक मुलगी उशिरा आली म्हणून तिला शंभर उठाबशा काढायला लावल्याची बातमी आली. आठवडाभरात ती दगावली होती.

दुसऱ्या दिवशी मुलाला उठायला उशीर झाला. शाळेत जायला तो तयारच होईना. आम्ही त्याच्यासोबत गेलो. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 17 मुलांना मारायला, त्यांचा मानसिक छळ करायला मनाई करतं. पण आधी आमचाच शब्द परत घेतला: "बाई, चामडीही आमचीच. उशीर झाला तर आम्हाला बोलवा."

तुम्हीही असं बोलला असाल, तर उद्याच शाळेत जा.