बोरिवलीचे रान आणि कान्हेरीचे पाणी

सुट्टीच्या दिवशी मुलांना कुठे न्यायचे, हा प्रश्न चाळीत आणि वस्तीत राहणाऱ्या प्रत्येक आईबापापुढे असतो. जत्रेत नेले तर पाळणा, फुगे आणि खाऊ यांतच पगाराचा मोठा भाग जातो. म्हणून आम्ही तीन कुटुंबांनी यंदा पाऊस ओसरताच मुलांना घेऊन बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठले. आमच्यात सर्वांत लहान चार वर्षांची मुलगी होती आणि सर्वांत मोठ्या सत्तरीच्या आजी.

हे उद्यान म्हणजे लावलेली बाग नव्हे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे मूळचे रान आहे आणि ते मुंबई-ठाण्याच्या मधोमध टिकून आहे. येथील निसर्ग माहिती केंद्रात प्राणी, पक्षी, फुलपाखरे यांची ओळख करून घेतली आणि मग मार्गदर्शक ताईंबरोबर पायवाटेने निघालो.

मुलांना पाहायचा होता बिबट्या. ताई म्हणाल्या, "तो इथंच आहे, पण तो बहुतेक रात्री फिरतो. हे त्याचं घर, आपण पाहुणे." मग मुले पायाखाली पाहू लागली. वारूळ, कोळ्याचे जाळे, पळसाची पाने, सागाचे खरखरीत पान. उतारावर दाट कारवी होती. ही सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून वाळून जाते. आजींनी ती लगेच ओळखली. "अरे, याच्याच काठ्यांचा आमचा कूड होता. वरून शेणमातीनं लिंपायचा."

पुढे ताईंनी वाळका पाला बाजूला केला आणि मुलांना खालच्या मातीला हात लावायला सांगितला. माती गार आणि ओली होती. पावसाचा मारा झाडांची पाने झेलतात, पाणी पाल्यावर सावकाश उतरते, मातीत मुरते आणि हळूहळू ओढ्याला मिळते. उघड्या डोंगरावरून तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. मुंबईसाठी बांधलेले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव याच रानाचे पाणी साठवतात आणि आजही शहराला पाणी देतात. पहाटे नळावर हंडे लावणाऱ्या आमच्या मुलांना हे समजायला वेळ लागला नाही.

प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. येथे कातळात कोरलेली शंभराहून अधिक लेणी आहेत. चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धांच्या भव्य उभ्या मूर्ती आहेत. तेथे सर्वांनी वंदन केले. मुले रमली ती मात्र पाण्याच्या टाक्यांपाशी. लेण्यांच्या शेजारी टाके कोरलेले, आणि डोंगरावरचे पाणी त्यात उतरावे म्हणून कातळात पन्हळी काढलेल्या. चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवायचा, हे गणित भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वी सोडवले होते. कल्याणच्या एका सोनाराने येथे टाके दान दिल्याचा शिलालेख आहे.

"आजी, हे पाणी कोणीपण प्यायचं का?" एका मुलाने विचारले. आजी म्हणाल्या, "संघात उपाली न्हावी होता, सुनीत सफाई करणारा होता. तिथं जात विचारून पाणी देत नव्हते. पुढं आपल्या वाडवडलांना पाणी बंद झालं, म्हणून बाबासाहेबांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं." मुले गप्प ऐकत होती. शाळेतला धडा त्यांना त्या टाक्यापाशी कळला.

ज्यांना जायचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. सोमवारी उद्यान बंद असते. लहान मुलांना कान्हेरीपर्यंत चालवत नाही, तेव्हा गाडीची चौकशी प्रवेशद्वारावरच करावी. डबा आणि पाणी घरून न्यावे, पण डबा पिशवीत झाकून ठेवावा. वानरे-माकडे हातातले हिसकावतात. त्यांना खाऊ घालू नये, त्याने ती धीट होतात आणि पुढच्या मुलांना त्रास होतो. प्लॅस्टिकचा एक कागदही मागे टाकू नये. टाक्यात दगड किंवा नाणी टाकणाऱ्यांना आपल्याच मुलांनी नम्रपणे थांबवावे.

परत आल्यावर मुलांना एवढेच विचारा, की आपल्या नळाला पाणी कुठून येते? "रानातून" असे उत्तर आले, तर सुट्टी सार्थकी लागली असे समजा. ज्याला हे कळले तो मोठेपणी रान तुटताना मुकाट पाहत राहणार नाही.