चंदेरी पान

पावसाळ्यात सह्याद्रीत भटकताना एक छोटा नेचा भेटतो. पान वरून हिरवंगार, पाठीला पांढरी भुकटी. मनगटावर दाबलं की नक्षीदार ठसा उमटतो. त्याचा एक दूरचा भाऊबंद न्यूझीलंडच्या रानात झाडासारखा, दहा मीटरपर्यंत वाढतो. माओरी त्याला पोंगा म्हणतात. त्याचीही चांदी पाठीवरच. रात्री रान तुडवताना माओरी ही पानं उलटी ठेवत, असं सांगतात. चांदण्यात ती चमकत आणि मागून येणाऱ्याला वाट दाखवत.

क्रिकेटवेड्या आपल्या लोकांना हे पान न्यूझीलंडच्या खेळाडूंच्या काळ्या टोपीवर पाहून पाठ झालंय. ते खेळाच्या मैदानावर आणलं माओरी खेळाडूंनीच, हे मला फार मोलाचं वाटतं. 1888 साली जो वॉरब्रिकच्या नेतृत्वाखाली एक रग्बी संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर निघाला. बहुतेक खेळाडू माओरी वंशाचे. अंगात काळी जर्सी, तिच्यावर चंदेरी पान. ऑस्ट्रेलियातले आणि घरचे सामने धरून हा संघ 107 सामने खेळला, त्यातले 78 जिंकला. त्याच संघातल्या टॉम एलिसनने 1893 मध्ये न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेच्या सभेत ठराव मांडला, की राष्ट्रीय संघाचा वेशही हाच असावा. ठराव मंजूर झाला. 1905 च्या दौऱ्यात या वेशातला संघ ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणून गाजला. पुढे हे पान परदेशी मातीत पडलेल्या न्यूझीलंडच्या सैनिकांच्या कबरींवरही कोरलं गेलं.

2016 मध्ये ते राष्ट्रध्वजावर घ्यावं का, असा कौल घेतला गेला. 56.6 टक्के मतदारांनी जुनाच ध्वज राखला. खेळाडूंच्या अंगावरचं पान मात्र जिथल्या तिथे राहिलं. तिथली त्याची जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामाने पक्की झाली होती.

डिसेंबर 2021 मध्ये हेच पान मिरवत एजाज पटेलने वानखेडेवर भारताचे दहाच्या दहा गडी बाद केले, 119 धावांत. जन्म मुंबईचा, लहानपणीच घरच्यांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. माओरींनी रानातून आणलेलं पान मुंबईच्या पोरालाही आपलं म्हणता आलं, यातच त्या चिन्हाचं मोठेपण आहे. न्यूझीलंडचा सामना पाहायला बसाल, तेव्हा घरातल्या मुलांना वॉरब्रिक आणि एलिसन ही दोन नावं आवर्जून सांगा.