चाळीस रुपयांचं कणीस

यंदा पूर्णगडात भाजलेलं कणीस चाळीस रुपयांना आहे. शनिवार-रविवारी किल्ला बघायला गाड्या आल्या की पन्नास. कच्चं आणून घरी भाजायचं म्हटलं तर रत्नागिरीच्या बाजारात पंचवीस, आणि संध्याकाळचा उरलेला माल असेल तर दाणे कडक निघणार हे धरून चालायचं. पाच-सहा वर्षांपूर्वी हेच भाजलेलं कणीस पंधरा-वीसला मिळत होतं. म्हणजे ऐन हंगामात, मका सगळ्यात जास्त निघतो त्या दिवसांत, भाव दुप्पट.

गोष्ट चैनीची आहे, मान्य. कणीस मिळालं नाही म्हणून कुणी उपाशी राहत नाही. पण आमच्याकडे ते कोणत्या दिवसांत खाल्लं जातं तेही बघायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ६१ दिवस होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारलेल्या. मुचकुंदीची खाडी गढूळ, समुद्र खवळलेला, खलाशी घरात. काही जण जाळी सांधतात, काही जण उधारीची वही बघत नाहीत. या दोन महिन्यांत बाप पोरांना घेऊन बाहेर पडला तर खिशाला परवडेल अशी एकच गोष्ट होती, गरम कणीस. घरातली पाच माणसं धरली तर आता त्याचेच दोनशे रुपये होतात, आणि दोनशे रुपयांत एका दिवसाची चूल पेटते. म्हणून लोक एक कणीस घेऊन तीन तुकडे करतात. कणीस मोडताना पोरं कोणाचा तुकडा मोठा हे बघत असतात.

अस्रच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर हा विषय निघतोच. "लुटायला बसलेत," असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना हलवतात. लुटायला कोण बसलंय? तर शेगडी घेऊन बसलेली बाई. कारण भावाच्या साखळीतलं तेवढंच टोक आपल्याला दिसतं.

ती मावशी वरच्या वाडीतली. मी तिला सरळ विचारलं, "मावशी, चाळीसमधले तुमचे किती?" तिला राग आला नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटलं असावं. "लिही भाई," म्हणाली आणि हिशेब सांगायला लागली. कणीस तिला बाजारात वीस-बावीसला पडतं. रत्नागिरी पंचवीसेक किलोमीटर, तिथून पोतं टेम्पोने येतं, त्याचं भाडं वेगळं. शंभरात दहा-बारा कणसं वाया जातात, काही किडकी, काही जून. गिऱ्हाइकाने साल सोलून बघितलं आणि नको म्हणाला की ते कणीस तिच्या घरी जातं. कोळसा महाग, त्यात पावसाळ्यात दमट, म्हणून जास्त जळतो. लिंबू, मीठ, तिखट. सगळं वजा जाता कणसामागे आठ-दहा रुपये उरतात. आणि आडवारी, धो-धो पाऊस असला की दिवसभरात वीस कणसं खपली तर खूप. "दिवसभर धूर खाऊन दोनशे रुपये. लुटीचा धंदा असता तर चुलीपुढे बसले असते का?" यावर मला काही बोलता आलं नाही, बोलायचंही नव्हतं.

आता मका मुळात येतो कुठून? घाटावरून. आमच्या लाल मातीत आणि साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात मक्याची शेती म्हणावी अशी होत नाही. त्याच्या मुळांशी पाणी तुंबलेलं त्याला चालत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा हेच आमचं परसदार. दूध तिकडचं, भाजी तिकडची, कणीसही तिकडचं. कोल्हापूर इथून दीडशे किलोमीटरवर, मध्ये आंबा घाट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये आंबा घाटात दरडी कोसळल्या. तेव्हा कोकणातल्या माणसाला कळलं की आपलं ताट एका रस्त्याला टांगलेलं आहे. मक्याचा हंगाम आणि दरडीचा हंगाम एकच, ही त्यातली मेख.

कांद्या-बटाट्याला रस्ता उघडेपर्यंत थांबता येतं, स्वीट कॉर्नला येत नाही. हे वाण गोड का लागतं, तर दाण्यात तयार झालेल्या साखरेचं पिष्ट व्हायची क्रिया त्याच्यात मंदावलेली असते. साध्या मक्यात ती झपाट्याने होते, म्हणून तो पिठूळ. पण स्वीट कॉर्नचंही कणीस झाडावरून तोडलं की गोडी उतरायला लागते आणि उकाड्यात ती आणखी लवकर उतरते. केस तपकिरी झाले, नखाने दाबल्यावर दाण्यातून दूध आलं, की तीन-चार दिवसांत तोडणी उरकायला हवी. तोडल्यावर ट्रक, ट्रकनंतर बाजार, बाजारानंतर टेम्पो. या वाटेवर एक दिवस जास्त लागला की त्याचे पैसे कुणीतरी भरतंच.

शेतकऱ्याचं काय? बियाणं संकरित, दर वर्षी विकत घ्यायचं. घरचं राखून ठेवलं तर पुढच्या वर्षी तसं पीक येत नाही. किलोचा दर हजारांत. वर २०१८ पासून लष्करी अळी. मका मूळचा अमेरिका खंडातला, ही अळीही तिकडचीच. आफ्रिकामार्गे आली, भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि काही महिन्यांत महाराष्ट्रात पसरली. ती पोंग्यात बसून आतून खाते, त्यामुळे फवारणी वेळेवर झाली नाही तर उपयोग नाही. स्वीट कॉर्नमध्ये तर गिऱ्हाईक साल सोलून एक अळी बघतं आणि अख्खं कणीस परत ठेवतं. शेतकऱ्याच्या बाजूच्या गोष्टी दोन: पीक पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत मोकळं होतं, आणि कणसं काढल्यावर ताटं हिरवी असतात, ती जनावरांना वैरण म्हणून चालतात. दुभतं जनावर दारात असलेल्या घाटावरच्या माणसाला ही वैरण म्हणजे दुसरं पीकच.

दुसरा, साधा मका, म्हणजे कोंबडीखाद्याचा आणि आता इथेनॉलचा. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली आणि कारखानदारांची नजर मक्याकडे वळली. त्याचा हमीभाव २०२३-२४ ला क्विंटलमागे २,०९० रुपये होता, २०२५-२६ साठी २,४०० आहे. स्वीट कॉर्नला हमीभाव नाही. दोन्ही पिकं एकाच रानावर हक्क सांगतात. वाळवून पोत्यात भरून ठेवता येईल असा मका घ्यायचा की चार दिवसांत नासणारा, हे ठरवताना शेतकरी माझ्या पोरांच्या कणसाचा विचार कशाला करेल? चाळीस रुपयांतला एक वाटा मी या पेट्रोलच्या टाकीतल्या मक्याच्या नावावर टाकतो. किती, ते मोजायला माझ्याकडे तराजू नाही.

मक्याच्या नावाची एक गंमत सांगतो. हे नाव मक्का शहरावरून आलं असं पुष्कळ जण सांगतात. लहानपणी मला ते खरंच वाटायचं. हजहून येणाऱ्यांनी खजूर आणि जमजमबरोबर कणसंही आणली असतील, असं मी धरून चाललो होतो. खरं तर मका मेक्सिकोकडचा. तुर्की लोक त्याला 'मिसिर' म्हणतात, म्हणजे इजिप्त. इटालियन लोक म्हणतात तुर्की धान्य. जो तो शेजाऱ्याचं नाव घेऊन मोकळा झालाय. आम्ही कोकणी मुसलमान, आमच्या वाट्यालाही "तुम्ही मूळचे कुठले" हा प्रश्न अधूनमधून येतो, त्यामुळे मला या पिकाबद्दल जरा आपुलकी आहे.

तर भाव. मशिदीच्या पायरीवर बोलणाऱ्यांना मी त्याच मशिदीत ऐकलेली गोष्ट आठवून दिली. मदिनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी पैगंबरांना (स.) भाव बांधून द्यायची विनंती केली. त्यांनी ते केलं नाही. भाव चढवणारा-उतरवणारा अल्लाह आहे आणि कुणावर जुलूम केल्याचा दावा अंगावर घेऊन मला त्याच्यासमोर जायचं नाही, या आशयाचं त्यांचं उत्तर हदीसमध्ये आहे. यावरून "बाजाराला हात लावू नका" एवढंच काढणारे लोक मला अर्धवट वाचणारे वाटतात. कारण त्याच शिकवणुकीत साठेबाजीला मनाई आहे. माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला शहराबाहेर गाठून, त्याला बाजारभाव कळायच्या आत खरेदी करायलाही मनाई आहे. फळ पक्व व्हायची चिन्हं दिसण्याआधी ते विकायलाही मनाई आहे. मोहोरावर हापूसच्या बागा देणाऱ्या-घेणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हे शेवटचं वाक्य मोठ्याने म्हणायची सोय नाही. पुढे इब्न तैमियांनी तर अडवणूक होत असेल तिथे हाकिमाने भाव ठरवून द्यावा असंही लिहिलं. म्हणजे प्रश्न भाव चढा की उतरता हा नाही. कोण कुणाच्या अडचणीचा फायदा घेतो, हा आहे.

त्या कसोटीवर बघा. आज काफिल्याला वेशीबाहेर गाठणारा म्हणजे बांधावर येऊन उभं पीक उक्तं घेणारा व्यापारी. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, त्यामुळे यात बेकायदा काही नाही. मोबाइलवर शेतकऱ्यालाही भाव कळतो. पण तोडणीचे चारच दिवस हातात आहेत, हे दोघांनाही कळतं. अडचण कुणाची, ते यातून ठरतं. मावशी मात्र या हिशेबात कुठेच बसत नाही. ती कुणाची अडवणूक करत नाही. न विकलेलं कणीस तिच्याच घरात जातं.

आणि आपलंही बघा. पुण्याची गाडी बंदरावर थांबते, बाई सुरमईचा भाव विचारतात आणि म्हणतात, "समुद्र तर समोर आहे, मग एवढी महाग कशी?" त्या वेळी आपण किती चिडतो. डिझेल, बर्फ, खलाशाचा वाटा, रिकामी आलेली खेप, एलईडी दिव्यांवर बंदी असूनही रात्री दर्यात पेटणारे दिवे, हे सगळं आपण त्या बाईंना सांगू बघतो आणि तेवढ्यात गाडीची काच वर जाते. मी पायरीवर हे बोललो तेव्हा एक जण हसला. दुसरा म्हणाला, मासा वेगळा, मका वेगळा. वेगळा कसा, ते त्याने सांगितलं नाही.

मला कणसाच्या भावापेक्षा जास्त सलतं ते दुसरंच. माझ्या लहानपणी पूर्णगडात कणीस विकत घ्यायचं असतं हे माहीतच नव्हतं. पहिल्या पावसाबरोबर परसात काकडी, पडवळ, दोडक्याच्या वेलांच्या कडेने मक्याचे दाणे टोचले जायचे. गोड नव्हता तो, चिवट होता, दात लागायचे. दादी कणीस सालासकट चुलीच्या राखेत पुरायची आणि जरा जून झालं असेल तर दाणे काढून नारळाच्या रसात शिजवायची. शेजारच्या वाडीतून काकड्या आणि कणसं यायची, आमच्याकडून सुकट, बोंबील, सोडे जायचे. श्रावण पाळणाऱ्या घरात ती सुकी मासळी आषाढातच पोचवायची, हे आम्हा पोरांनाही पाठ होतं. त्या देवाणघेवाणीत कुणी भाव काढला नाही, कारण भाव काढायला दोन्हीकडे पैसेच नव्हते.

ते थांबलं वानरांमुळे आणि रानडुकरांमुळे. कोकणात कुणालाही विचारा, परस ओसाड पडायचं पहिलं कारण हेच सांगतील. दुसरं कारण, माणसं मुंबईला आणि आखातात. राखण करायला कुणी नाही. आता दोन्ही घरं त्याच टेम्पोतून आलेलं कणीस त्याच मावशीकडून घेतात, आणि एकमेकांकडे थाळी घेऊन जायचं निमित्त तेवढं कमी झालं.

यंदा मी जूनमध्ये चौदा झाडं लावली. चार बांबू रोवून वरून आणि बाजूंनी जुनं टाकाऊ जाळं ओढलं. आमच्याकडे जाळ्यांची कमी नाही. वानर दोनदा येऊन जाळ्यावर बसून गेला, आत शिरला नाही. नऊ झाडं राहिली. मक्याचं परागण वाऱ्यावर चालतं, त्याला दाट रान लागतं. नऊ झाडांत आणि मुसळधार पावसात पराग कुठे पोचणार, म्हणून कणसं लागली ती बोळक्या तोंडाच्या म्हातारीसारखी, मध्ये मध्ये दाणे गायब. एकूण अकरा निघाली. सहा घरी ठेवली, पाच शेजारच्या वाडीत दिली, आणि तिथून थाळीत दोन काकड्या आल्या. बियाण्याचं पाकीट, बांबू आणि माणसाची दोन दिवसांची मजुरी धरून बायकोने हिशेब काढला, तर कणीस सव्वाशेला पडलं.